तेच दुपटं, तीच गोधडी, तोच टेडी: धुणं, शिवणं, सांभाळणं

सुईदोरा
"दुपटं धुतलं की पोर घर डोक्यावर घेतं", "गोधडीच्या चिंध्या झाल्यात, टाकून देऊ का", "ही सवय मोडायची कधी" हे तीन प्रश्न शिवणकाम, आरोग्य आणि पालकत्व अशा तिन्ही विभागांत पुन्हा पुन्हा येतात. म्हणून हा चर्चेचा वेगळा धागा. आमच्याकडे असं झालं नि तसं झालं हे इथे नको. कृती, मापं आणि काय बिघडतं तेवढं लिहा.

सुरुवात मी करते. काहीही करण्याआधी मूल त्या लळ्याच्या वस्तूचं, म्हणजे ज्या दुपट्या-टेडीशिवाय त्याचं चालत नाही त्याचं, नेमकं काय करतं ते दोन-तीन दिवस बघा. नाकाशी धरत असेल तर त्याला वास हवाय. बोटांत गोट नाहीतर लेबल चोळत असेल तर पोत हवाय. गालाखाली घेत असेल तर कापडाचा गारवा. चोखत असेल तर एखादा ठरावीक कोपरा. जे असेल त्याला शक्यतो हात लावायचा नाही. बाकीचं सगळं धुता येतं, शिवता येतं, बदलताही येतं.

आता धुणं. सुती दुपटं किंवा जुन्या लुगड्याची गोधडी असेल तर बादलीत साधारण १० लिटर कोमट पाणी आणि बिनवासाचा द्रव साबण १ चहाचा चमचा. १५-२० मिनिटं भिजवा, तळहाताने दाबून दाबून मळ सोडवा. ब्रश नको, आपटणं नको, पिळणं तर नकोच. ओली गोधडी जड होते. एका कडेला धरून उचलली की सगळा भार त्या कडेच्या टाक्यांवर येतो आणि धावदोरा तटातट तुटत जातो. खालून दोन्ही हात घालून उचला. पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळा, मग मोठ्या टॉवेलात गुंडाळून दाबा. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर आडवी पसरा किंवा सरळ बाजेवर टाका. ब्लीच, नीळ, कंडिशनर यांतलं काहीही नको. कंडिशनरचा थर कापडावर बसतो, वास आणि स्पर्श दोन्ही बदलतात, आणि मग "हे माझं नाही" सुरू होतं.

वासवाल्या मुलांसाठी अर्धं-अर्धं धुवा. आज नाकाचा कोपरा बादलीबाहेर ठेवून उरलेलं. चार-पाच दिवसांनी, धुतलेल्या भागाला पुन्हा घरचा वास लागला की तो कोपरा.

पाटपाणी
छान धागा. बोअरचं पाणी असेल तर एक भर. जड पाण्यात सुती कापड वाळल्यावर पापडासारखं कडक होतं, आणि पोत ओळखणारं मूल ते लगेच नाकारतं. शेवटच्या पाण्यात, अर्ध्या बादलीला २ मोठे चमचे पांढरं व्हिनेगर घाला, ५ मिनिटं ठेवा, दाबून काढा. ओलं असताना वास येतो, वाळल्यावर राहत नाही. साबण कमी वापरणं हाच खरा उपाय आहे म्हणा. कडकपणा बराचसा न निघालेल्या साबणाचा असतो.

डाग: दूध, उलटी, रक्त यांना आधी गार पाणी. गरम पाणी टाकलंत की प्रथिनं घट्ट बसतात आणि डाग कायमचा. हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, घाबरू नका. धुऊन उन्हात टाका, हळद उन्हाने उडते.

दूधसागर
पावसाळ्यातलं वाळवणं कुणीतरी लिहायलाच हवं. कोकणात आणि गोव्यात जुलै महिन्यात चार थरांची गोधडी वरून वाळलेली लागते, पण मधले थर दमट असतात. दोन दिवसांनी कुबट वास येतो आणि मग परत धुणं. कापड गालाला लावून बघा. बाजूच्या कोरड्या चादरीपेक्षा गार लागलं तर आत ओल आहे. पंख्याखाली दर दोन तासांनी बाजू पालटत ठेवा, शेवटी मध्यम गरम इस्त्री दोन्ही बाजूंनी फिरवा. इस्त्रीने वाफ निघत असेल तर अजून वाळलेलं नाही. संध्याकाळी झोपायला तीच हवी असेल तर पावसाळ्यात धुणं सकाळी ८ च्या आत उरका.

भरीव खेळण्यांचं काम वेगळं. अख्खा टेडी पाण्यात बुडवला की वरची लव एका दिवसात सुकते आणि पोटातला कापूस तीन दिवस ओला राहतो. त्यापेक्षा:

१. आधी स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन करा आणि लिहून ठेवा.
२. पाठीवरची शिवण ५ सेंमी उसवा, भरण काढून कोरड्या पिशवीत ठेवा. डोक्याचं, हातांचं, पोटाचं वेगवेगळं.
३. नुसती खोळ हाताने धुवा, सावलीत वाळवा.
४. भरणाच्या गाठी बोटांनी सोडवून तेच भरण परत भरा. कमी पडलं तरच नवं रेक्रॉन (पॉलिस्टरचा कापूस) घाला, आणि मूळ वजनाला थांबा.

घरोघरी चूक होते ती चौथ्या पायरीला. दबलेलं खेळणं बघून आपण ते नव्यासारखं टम्म भरतो. मुलाला हवी असते ती लुळी मान, मधोमध दबलेलं पोट, काखेत बरोबर बसणारी जाडी. गुबगुबीत केलेला टेडी त्याच्या दृष्टीने परका. पोटात थर्मोकोलचे बारीक मणी असतील तर उसवू नका, ते घरभर होतात आणि लहान मुलाच्या नाका-तोंडात जाऊ शकतात. असं खेळणं ओल्या फडक्याने वरवर पुसायचं.

घोटाळेबुवा
प्रामाणिकपणे विचारतो. एवढं सगळं करण्यापेक्षा सवयच लागू दिली नाही तर? आपल्याकडे पूर्वी मुलं आईजवळ झोपायची, कुणाला टेडी लागायचा नाही.

नीलमोहर
घोटाळेबुवा, निरीक्षण अगदीच चूक नाही. १९७० साली इटलीत झालेल्या एका पाहणीत खेड्यांतल्या मुलांमध्ये अशी वस्तू जवळ बाळगण्याचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत होतं, रोम शहरात ३१ टक्के. २००३ मध्ये टोकियो आणि न्यूयॉर्कच्या मुलांची तुलना झाली: टोकियोत ३८ टक्के, न्यूयॉर्कमध्ये ६२. आईच्या कुशीत झोपणाऱ्या मुलांना वस्तूची गरज कमी पडते असाच त्याचा साधारण अर्थ लावतात. पण त्यावरून वस्तू वापरणारं मूल कमकुवत ठरत नाही. पूर्वी पदर होता की! अख्खी दुपार पदराचं टोक मुठीत धरून झोपणाऱ्या पोराला कुणी "सवय लागली" म्हणत नसे.

डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९५१ मध्ये यावर निबंध वाचला, १९५३ मध्ये तो छापून आला. त्याचं म्हणणं, ही वस्तू म्हणजे 'मी' आणि 'आई' यांच्या मधली जागा. मुलाने स्वतः बदलल्याशिवाय ती बदलू नये, आणि आया ती मळकी, वास मारणारी झाली तरी चालवून घेतात कारण धुतल्याने मुलाचा धागा तुटतो हे त्यांना कळतं. सुईदोरा ताईंनी अर्धं-अर्धं धुण्याचं लिहिलंय ते नेमकं इथे बसतं.

पुढे १९७५ मध्ये रिचर्ड पासमन आणि सहकाऱ्याने अनोळखी खोलीत सोडलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं. ज्यांना आपल्या पांघरुणाचा लळा होता ती मुलं पांघरूण जवळ असताना जवळजवळ आई असल्यासारखीच खेळली, फिरली. लळा नसलेल्यांना पांघरुणाचा काही उपयोग झाला नाही. म्हणजे ऐन वेळी कुठलाही मऊ टेडी हातात कोंबून भागत नाही.

कुंची
वरच्या चर्चेत एक गोष्ट राहिली आणि ती आधी यायला हवी होती. १२ महिन्यांच्या आतल्या बाळाच्या झोपायच्या जागी सुटं दुपटं, उशी, गोधडी, मऊ खेळणं यांतलं काहीही नको. तोंडावर आलं तर बाळाला ते बाजूला करता येत नाही. दुपट्यात गुंडाळून झोपवत असाल तर बाळ कुशीवर वळायच्या खटपटीला लागलं की गुंडाळणं बंद. लळा लागायचा तो जागेपणी, मांडीवर, दूध पिताना लागू दे. रात्री दुपटं खुंटीवर.

जुन्या गोधडीचे लोंबणारे दोरे रोज कापा. असा दोरा बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जातो, मोज्याच्या आत दिसत नाही, आणि बोट सुजून निळं पडतं. कारण न कळता बाळ रडत असेल तर बोटं तपासा, मुलग्याची शूची जागासुद्धा.

खेळण्याचे डोळे, नाक, बटणं तीन वर्षांखालच्या मुलासाठी ओढून बघा. सुमारे ३२ मिमी व्यासाच्या नळीतून जो भाग आत जाईल तो घशात अडकू शकतो. डोळा सैल असेल तर परत चिकटवू नका. काढून टाका आणि त्याच जागी दोऱ्याने भरतकाम करा. पोटात आवाजाची डबी असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना बघा. बटण सेल गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते, "शीतून पडेल" म्हणत थांबायचं नाही. नवं घेताना आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना ती सक्तीची आहे.

अबोली
दुपट्याचा सॅटिनचा गोट एका बाजूने पार विरलाय आणि मुलगी (अडीच वर्षं) तोच चोळते. नवा लावू का? शिवाय मधोमध तळहाताएवढं भोक आहे.

सुईदोरा
गोट काढू नका! विरलेल्या कडेवर बारीक काजटाका घालून ती जिथे आहे तिथे थांबवा. नवा गोट समोरच्या कडेला लावा, जुनी कड तशीच राहू दे. दोन-तीन महिन्यांत ती स्वतःहून नव्या कडेकडे वळते का बघा. वळली तर मग जुन्याचा विचार.

भोकाला मागून ठिगळ. कापड नवं कोरं घेऊ नका. विरलेल्या मलमलीला जाड पॉपलीन जोडलं तर ताण ठिगळाच्या कडेला येतो आणि महिन्याभरात तिथूनच नवी फाट सुरू होते. घरातली जुनी सुती ओढणी, लंगोटाचं मऊ कापड, लुगड्याचा तुकडा उत्तम. नवं वापरायचंच असेल तर आधी दोनदा धुऊन आटवून घ्या, नाहीतर पुढच्या धुण्यात ठिगळ आटतं आणि दुपटं चुण्या पडून गोळा होतं.

ठिगळ भोकापेक्षा सगळीकडून ३ सेंमी मोठं, कोपरे गोल कापलेले. चौकोनी कोपरा ताण एका टोकाला घेतो, तिथे कापड फाटतं. दुपटं सपाट पाटावर पसरा, ठिगळ खाली सरकवा, आधी कच्चा धावदोरा घालून जागेवर बसवा. मग ९ किंवा १० नंबरची सुई, ४० नंबरचा सुती दोरा, एकेरी. पॉलिस्टर दोरा घेऊ नका, तो जुन्या कापडापेक्षा मजबूत असतो. ओढाताण झाली की दोरा तुटायच्या ऐवजी कापड कापलं जातं. ४-५ मिमीचे टाके, दोन ओळींत १ सेंमी अंतर, आणि सुरुवात भोकाच्या काठाशी नाही, २ सेंमी अलीकडे, जिथे कापड अजून धड आहे तिथून. दोरा ओढून घट्ट करू नका. दोऱ्याच्या गाठी दोन थरांच्या मध्ये लपवा. गाठ गालाला टोचली तर सगळं काम फुकट.

आणि हे तिच्यासमोर करा. "दुपट्याला बाऊ झालाय, पट्टी लावू या" एवढं पुरतं. चोरून केलेली दुरुस्ती मुलांना फसवणूक वाटते.

दूधसागर
शेवटच्या वाक्याशी अर्धवट सहमत. दीड वर्षाच्या आतलं मूल असेल तर रात्री झोपल्यावर काम उरकून सकाळपर्यंत वाळवणं सोपं पडतं. त्याला समजावून सांगण्यात अर्थ नसतो. दोनच्या पुढे मात्र समोरच. बादलीत त्यालाच टाकू द्यावं, दोरीवर दिसेल असं वाळत घालावं.

सुईदोरा
मान्य. दीड वर्षाची रेघ ठीक आहे.

पाटपाणी
जोडीचं दुसरं आणून ठेवायचं का? बहुतेक जण सांगतात की आणा, आणि बहुतेक वेळा ते कपाटात पडून राहतं.

नीलमोहर
कारण उशीर झालेला असतो. २००८ मध्ये ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम यांनी ३ ते ६ वर्षांच्या मुलांना एक 'नक्कल यंत्र' दाखवलं, वस्तू आत ठेवली की हुबेहूब दुसरी बाहेर येते असं भासवणारं. साध्या खेळण्याची नक्कल मुलांनी आनंदाने घेतली. लळ्याची वस्तू असलेल्या बहुतेकांनी स्वतःची मूळ तीच परत मागितली, आणि काहींनी तर ती यंत्रात ठेवूच दिली नाही. दिसायला सारखी असून भागत नाही, तिचा इतिहास लागतो.

म्हणून जोडी करायची तर पहिल्या महिन्यापासून. एकाच साडीची दोन दुपटी शिवा, दर तीन-चार दिवसांनी अदलाबदल करा, दोन्ही सारखी धुतली जातील असं बघा. मुलाच्या लेखी ती एकच वस्तू राहते.

सुईदोरा
उशीर झालेल्यांसाठी एक युक्ती. दुपट्याच्या मागच्या बाजूला त्याच मापाचं, धुऊन मऊ केलेलं सुती अस्तर लांब धावदोऱ्याने (टाका १ सेंमी) जोडा. चार-सहा महिने दोन्ही एकत्र वापरले जातात, अस्तराला तोच वास, तीच मळकट नरमाई येते. मग एके दिवशी दोरा उसवला की दोन दुपटी. पोत चोळणाऱ्या मुलाला जाडी जाणवते, त्याच्याकडे हे चालेलच असं नाही. वास आणि गारव्याच्या मुलांकडे बऱ्यापैकी चालतं. आणि नव्याला मुलासमोर "दुसरं" म्हणू नका, "त्याचं पिल्लू" म्हणा.

मोठ्या गोधडीचे दोन भाग करायचे असतील तर कापायच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी टीप मारा, मग मधून कापा. आधी कापलंत तर थर सरकतात आणि आतल्या चिंध्या बाहेर येतात.

पाटीपेन्सिल
बालवाडी आणि पाळणाघराचं लिहिते. अख्खी गोधडी पाठवू नका. हरवते, दुसरं मूल ओढतं, मधल्या सुट्टीत खिचडी सांडते. मूळ कापडाचा १०×१० सेंमी तुकडा (मागच्या बाजूचा, नाकाच्या कोपऱ्याचा नव्हे) कडा मोडून शिवा आणि दप्तराच्या आतल्या खिशात एका बाजूने टाचून ठेवा. मुलाने खिशात हात घातला की लागतो, बाहेर निघत नाही. ताईंना आधी सांगून ठेवा, म्हणजे "काय सारखा दप्तरात हात" अशी ओरड होणार नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तुकडा दिवसभर लागतो, मग फक्त झोपेच्या वेळेला.

कधी सोडवायचं? वयाचा आकडा सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तपासायचं एवढंच: वस्तू हातात असताना मूल खेळतं का, जेवतं का, बोलतं का? एका हातात दुपटं धरून दुसऱ्या हाताने ठोकळे रचणारं मूल मजेत आहे. दोन्ही हात अडकवून कोपऱ्यात बसणारं मूल कशाने तरी धास्तावलंय. तिथे दुपटं काढून घेण्यापेक्षा धास्ती शोधा. वस्तूबरोबर अंगठा चोखणं असेल तर मात्र तीन-चार वर्षांच्या पुढे दंतवैद्यांना दाखवा, दात पुढे येतात.

घोटाळेबुवा
पटतंय हळूहळू. मग वस्तूच नसेल तर? आईचा कान! झोपताना कान चोळल्याशिवाय चालत नाही, आणि नखं लागतात.

पाटीपेन्सिल
कान, केस, गळ्यातली पोत, गाऊनची बाही, सगळं एकाच घरातलं. आईने दोन-तीन रात्री अंगावर घातलेल्या सुती गाऊनमधून ३०×३० सेंमी तुकडा कापा, कडा दुमडून शिवा. पहिल्या आठवड्यात तो कानावर ठेवा, मूल कापडावरूनच कान चोळेल. दुसऱ्या आठवड्यात कापडाचं एक टोक त्याच्या मुठीत, उरलेलं कानाखाली. मग फक्त मुठीत. आजारपणात, गावाला, पाहुणे असताना हे सुरू करू नका. आणि नखं आधी कापा, तेवढ्याने निम्मा त्रास आजच जाईल.

कुंची
दवाखान्याचं विसरू नका. लस, तपासणी, टाके, सगळीकडे वस्तू सोबत न्या. २००० साली तीन वर्षांच्या मुलांच्या वैद्यकीय तपासणीवर अभ्यास झाला, त्यात ज्यांना पांघरुणाचा लळा होता त्यांचा ताण पांघरुणाने जवळजवळ आईइतकाच कमी झाला. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी विचारा. बरेच जण भूल चढेपर्यंत जवळ ठेवू देतात. आदल्या रात्री धुऊन ठेवा, नावाची पट्टी लावा, नाहीतर ती दवाखान्याच्या चादरींबरोबर लाँड्रीत जाते.

खरूज निघाली तर अंथरूण-पांघरुणाबरोबर हीसुद्धा. ६० अंश पाण्यात धुता येत नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून किमान ७२ तास, आठवडाभर ठेवलं तर अधिक चांगलं. दमेकरी मुलाच्या टेडीतले धुळीतले किडे मारायला फ्रीझरमध्ये २४ ते ४८ तास ठेवतात. किडे मरतात, पण ॲलर्जी करणारी घाण आतच राहते, म्हणून नंतर धुणं आलंच.

दूधसागर
प्रवास: आजच दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. हरवल्यावर "निळसर, मऊ, थोडं फाटकं" असं वर्णन कंट्रोलरला सांगून कुणी शोधत नाही. सुती पट्टीवर पक्क्या शाईच्या पेनाने फक्त फोन नंबर लिहून आतून शिवा, मुलाचं नाव नको. रेल्वेत राहिलं तर गाडी नंबर, डबा, सीट सांगून लगेच १३९. एसटीत राहिलं तर तिकीट जपून ठेवा आणि बस जिथे मुक्कामी जाते त्या आगारात फोन करा.

अबोली
ठिगळाचं कळलं, धन्यवाद. शेवटचा प्रश्न: धाकट्याच्या सशाचं लेबल गळून पडलंय आणि त्याला तेच हवं असायचं. जुनं सापडत नाही.

सुईदोरा
जुन्या शर्टाच्या कॉलरमधलं विणलेलं सॅटिनचं लेबल घ्या. छापील नायलॉनचं नको, त्याच्या कापलेल्या कडा टोचतात. मधोमध दुमडून साधारण २ सेंमी बाहेर राहील असं जुन्याच शिवणीत, जुन्याच जागी बसवा. शिवणीत लेबलचे उरलेले धागे दिसतील, तीच जागा. टाक्यांची दोनदा उलटसुलट फेरी मारा. दुमड बाहेर, टोकं आत, म्हणजे बोट आत घालायला फट राहत नाही. लावण्याआधी लेबल तीन-चार वेळा धुऊन मऊ करा, आणि दोन-तीन वेगवेगळी त्याच्या हातात देऊन कुठलं चोळतो ते बघून मगच शिवायला घ्या.